पश्चिमेच्या खिडक्यांना मांजरपाट: पडद्यांच्या नोंदी

शनिवार, 1 मार्च 2025

जुळे सोलापूरमधलं हे भाड्याचं घर सगळ्या बाजूंनी सोयीचं आहे, फक्त दोन्ही खोल्यांच्या खिडक्या पश्चिमेला आहेत. मार्च लागला की दुपारी तीननंतर ऊन थेट आईच्या पलंगावर येतं. ती उशी उलट्या बाजूला घेऊन झोपते, पण ऊन सरकत तिथेही पोचतंच. एप्रिल उजाडायच्या आत पडदे लागलेच पाहिजेत.

नवी पेठेत तयार पडद्यांची चौकशी केली. दोन खिडक्यांचे रॉडसकट अडीच हजारांच्या पुढे सांगितले. कापड पॉलिस्टरचं, चकाकणारं, हाताला निसरडं. मला घरात सुती हवंय. शिवाय आमच्याकडे उन्हाळ्यात इतकी धूळ येते की पडदा सारखा धुवावा लागणार, म्हणजे धुण्याची भीती नसलेलं कापड पाहिजे. मांजरपाटच, म्हणजे ब्लीच न केलेलं साधं सुती कापड, घ्यायचं ठरवलं. पिशव्या, गादीची खोळ, पापड-कुरडया वाळवायचं कापड, शिवणक्लासमधले शिकाऊ पोरींचे पहिले ब्लाउज, या सगळ्याला जे चालतं ते खिडकीला का चालू नये?

मापं घेतली. दोन्ही खिडक्यांची चौकट 42 इंच रुंद, 48 इंच उंच. रॉड चौकटीच्या दोन्ही बाजूंना 6-6 इंच पुढे घ्यायचा, म्हणजे 54 इंच. पडदा चौकटीच्या वर 6 आणि खाली 6 इंच, म्हणजे तयार उंची 60. चौकटीएवढाच पडदा केला तर कडांमधून उन्हाच्या पट्ट्या आत येतात आणि नेमक्या डोळ्यांवर पडतात.

मंगळवार, 4 मार्च

मधल्या मारुतीच्या बाजूला कापडाच्या दुकानात तीन प्रकारचं मांजरपाट बघितलं. पातळ, मधलं आणि एक जाडजूड. जाड कापड दुकानदाराने सगळ्यात पुढे केलं. ते दोन्ही हातांत धरून चोळलं तर बोटांना पांढरी भुकटी लागली. म्हणजे जाडी धाग्याची नव्हे, खळीची, म्हणजे कांजीची. पहिल्या धुण्यात ती जाडी मोरीत जाते आणि हातात जाळी राहते. मधल्या प्रकाराचं तसं झालं नाही. त्याची दुहेरी घडी ट्यूबलाइटसमोर धरली, ट्यूबचा आकार दिसला नाही, नुसता उजेड दिसला. हेच हवं होतं.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 48 इंच, भाव 62 रुपये मीटर. लगेच सगळं घेतलं नाही, पाव मीटर नमुना आणला.

नमुना खिडकीशी धरून बघितला तेव्हा हे कापड मला मनापासून आवडलं. रंग सायीचा. त्यात सरकीच्या टरफलाचे बारीक तपकिरी कण, कुठे दोन, कुठे एकही नाही. आडव्या धाग्यांत मध्येच एखादा किंचित जाड, तो उन्हात गडद रेघ होऊन दिसतो. ब्लीच केलेल्या कापडात हे सगळं निघून जातं.

गुरुवार, 6 मार्च

नमुन्यावर पेनने 10 बाय 10 इंचाचा चौकोन आखला, गरम पाण्यात साबण टाकून धुतला, वाळवून इस्त्री केली. उभ्यात सव्वानऊ भरला, आडव्यात पावणेदहा.

शेजारच्या अक्कांना दाखवला. अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या, माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माग. त्यांचे यजमान चादरीच्या कारखान्यात यंत्रमाग चालवायचे. त्यांना काहीच नवल वाटलं नाही. उभे धागे, म्हणजे ताणा, मागावर सतत ताणलेले असतात, आणि घासून तुटू नयेत म्हणून त्यांना कांजी चढवलेली असते. पाण्यात कांजी सुटते, ताण सुटतो, धागा आपल्या मूळ लांबीवर येतो. म्हणून कापड लांबीत जास्त आटतं, पन्ह्यात कमी.

"काय करायलीस गं, नुसतं मोजतच बसलीस," अक्का म्हणाल्या. "कापड आधी पोटभर पाणी पिऊ दे, मग कात्री लाव."

यजमानांनी नमुना उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, हे इचलकरंजीकडचं किंवा मालेगावचं असणार, आमच्या सोलापूरचे माग चादरी आणि टॉवेलमध्येच गुंतलेले. त्यांनी नख फिरवून दर इंचाला किती धागे ते अंदाजाने सांगितलं. मी मोजून बघितलं नाही. त्या बोटांवर विश्वास ठेवायला काही हरकत नाही.

रविवार, 9 मार्च

हिशेब, सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढे दाराच्या पडद्याला हाच लागणार.

तयार उंची 60 इंच. वरच्या बाजूला आत वळवायला 4 इंच: दीड इंच वरची झालर, 2 इंच नेफा, अर्धा इंच दुमड. खाली 3 इंचाची दुहेरी दुमड, म्हणजे 6. एकूण 70 इंच. हे धुतल्यानंतरचं माप. कापड उभ्यात शेकडा साडेसात आटतं, म्हणून 70 ला 0.925 ने भागायचं, येतात साधारण पावणेशहात्तर इंच. एका खिडकीला दोन, असे चार पाट, म्हणजे पडद्याचे चार उभे भाग. 303 इंच, म्हणजे पावणेआठ मीटरच्या किंचित आत. 8 मीटर घेतलं. 496 रुपये.

रुंदीचंही बघायला हवं. 48 चा पन्हा धुतल्यावर पावणेसत्तेचाळीसच्या आसपास राहील. किनार काढून बाजूच्या दुमडी घातल्या की एक पाट साधारण पावणेचव्वेचाळीसचा. दोन पाट मिळून साडेसत्त्याऐंशी, रॉड 54. म्हणजे रॉडच्या 1.6 पट कापड. दीडपटीच्या खाली गेलं तर बंद केल्यावर पडदा चादर टांगल्यासारखा सपाट दिसतो, चुण्या राहत नाहीत आणि उजेडही जास्त येतो. दुप्पट घेतलं तर आणखी छान, पण या पन्ह्यात मग जोड द्यावा लागेल. दीडपटीच्या वर आहोत, पुरे.

स्वस्त पडदा करायचा तो कापडाच्या भावात. मीटरमध्ये काटकसर करून तो स्वस्त होत नाही, नुसता अपुरा होतो. लोक भारी छापील कापड घेतात आणि दर परवडत नाही म्हणून खिडकीएवढंच मोजून घेतात. साठ रुपयांचं कापड भरपूर घेतलेलं त्याच्यापेक्षा कितीतरी सुरेख पडतं.

बुधवार, 12 मार्च

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे 8 मीटर कापड धुवायचं काम पाण्याच्या दिवसावर ठरतं. काल रात्री मोठ्या टपात साध्या पाण्यात भिजत घातलं. सकाळी पाणी दुधाळ झालेलं, वास पेजेसारखा. एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये, या हवेत कांजी लगेच आंबते. हे पाणी बिनसाबणाचं म्हणून कढीपत्त्याला आणि जास्वंदीला घातलं. नंतर नळ आल्यावर गरम पाणी आणि साबण, मग दोनदा स्वच्छ पाणी. साबणाचं पाणी बादल्यांत भरून ठेवलं, संडासात कामाला येतं.

एका जागी मागाच्या तेलाचा काळपट डाग होता. भांड्यांचा साबण कोरडाच लावून, चोळून, मग धुतला. गेला.

पिळलं नाही. जोरात पिळलं की मांजरपाटाला ज्या सुरकुत्या पडतात त्या इस्त्रीलाही जुमानत नाहीत. गच्चीवर दोघींनी दोन टोकं धरून झटकलं आणि दोरीवर लांबीने पसरलं. सोलापूरचं मार्चचं ऊन तासाभरात खडखडीत करून टाकतं. म्हणून थोडं दमट असतानाच काढलं आणि तेव्हाच इस्त्री केली.

कांजी गेल्यावर कापड ओळखू येत नाही. आधी कागदासारखं वाजत होतं, आता हातातून खाली सोडलं की आपोआप घडीत पडतं.

शनिवार, 15 मार्च

होळी, धुळवड झाली, आज बेतणी.

मांजरपाट साध्या वीणीचं असल्यामुळे ते कापण्यापेक्षा फाडून घ्यावं. किनारीपाशी कात्रीने बोटभर चीर द्यायची, दोन्ही बाजू घट्ट धरायच्या आणि एका झटक्यात ओढायचं. चर्रर्र आवाज करत ते एकाच आडव्या धाग्यावरून सरळ फाटत जातं. कात्री कितीही जपून चालवली तरी वळते, धागा वळत नाही. आणि पडदा धाग्याला धरून नसला तर टांगल्यावर खालचं एक टोक पुढे येतं, ते नंतर कशानेही बसत नाही.

फाडलेल्या पाटाचे कोपरे जुळवून बघितले. एक पाट तिरका होता, माग आणि धुणं दोन्हींत कापड थोडं खेचलं जातंच. त्याचे समोरासमोरचे आखूड कोपरे आईने आणि मी धरून ओढले, पुन्हा वाफेची इस्त्री केली. काटकोनात आला.

किनार ठेवायची की काढायची, हे धुतल्यावर बघून ठरवायचं असतं. किनारीचे धागे घट्ट असतात. धुतल्यावर त्या बाजूला कापड गोळा झालं असेल तर शिवून उपयोग नाही, पडद्याची कड कायम आखडलेली राहते. आमच्या कापडात एका बाजूला तसं होतं. दोन्ही बाजूंची अर्धा-अर्धा इंच पट्टी फाडून टाकली. त्या पट्ट्या जपून ठेवल्या, टोमॅटोच्या रोपांना बांधायला यापेक्षा चांगली दोरी नाही.

रविवार, 16 मार्च

आईच्या उषा कंपनीच्या पायमशीनला तेल दिलं, बॉबिनकेसमधला जुना धूळ-दोऱ्याचा गोळा काढला. सुई 14 नंबर, दोरा पॉलिस्टरचा, कापडाच्या रंगाचा. सुती कापडाला सुती दोरा हे एरवी बरोबर, पण खिडकीतल्या सततच्या उन्हात सुती दोरा लवकर कुजतो. टीप थोडी मोठी ठेवली, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टिपेने लांब सरळ शिलाईत कापड गोळा होतं.

आधी दोन्ही बाजूंच्या दुमडी, अर्धा इंच आणि परत अर्धा इंच. मग नेफा. इथे जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून त्यावर दीड, साडेतीन आणि चार इंचाच्या खुणा केल्या. तो सरकवत इस्त्रीने दुमड बसवत गेलं की टेप आणि टाचण्यांची गरज उरत नाही. नेफ्याच्या दोन टिपा. वरच्या टिपेच्या वर दीड इंच झालर राहते, दोन टिपांच्या मध्ये पाईप जातो.

लूप किंवा रिंगांचा पडदा सरकायला हलका असतो, तरी नेफाच निवडला. कारण ऊन. काच तापते, काच आणि पडदा यांच्यामधली हवा तापते, ती वर चढते आणि वरच्या फटीतून खोलीत येते. लूपच्या पडद्याला वर सगळ्या फटीच असतात. नेफ्याची झालर ती वाट बऱ्यापैकी अडवते.

बुधवार, 19 मार्च

रंगपंचमी. शिवलेलं सगळं कपाटात. गॅलरीत काही वाळत घालायचा आजचा दिवस नव्हे.

शनिवार, 22 मार्च

घरमालकीणबाईंना आधीच विचारलं होतं. "ब्रॅकेट राहू द्या जाताना, काढू नका," एवढंच म्हणाल्या.

रॉडऐवजी वायरिंगचा लोखंडी जस्ती पाईप घेतला, पाऊण इंची, 10 फूट, 180 रुपये. त्यातून साडेचार फुटांचे दोन निघतात. प्लास्टिकचा पाईप निम्म्या किमतीत मिळतो, पण साडेचार फुटांवर सुती पडद्याच्या वजनाने तो मध्ये झुकतो. पाईपची कापलेली टोकं कानशीने घासली, नाहीतर नेफ्यात घालताना कापड अडकून फाटतं. मग मेण फिरवलं, पडदा सरकतो.

ब्रॅकेट चार, 100 रुपये. स्क्रू आणि गिट्ट्या 20. भोकं पाडायला शेजारच्या दादांचं ड्रिल.

रविवार, 23 मार्च

पडदे टांगले. खालची दुमड अजून घातलेली नाही, मुद्दामच. सुती कापड स्वतःच्या वजनाने थोडं उतरतं. काही दिवस तसंच लोंबू द्यायचं, मग खालची रेघ आखायची.

दुपारी आई पलंगावर झोपली, उशी नेहमीच्या बाजूला. खोलीत अंधार नाही, मऊ पिवळसर उजेड आहे. वर्तमानपत्र वाचता येतं.

शुक्रवार, 28 मार्च

पडदे पाव इंच उतरले. टेलरच्या खडूने खालची रेघ आखली, चौकटीच्या खालच्या कडेपासून 6 इंच मोजून. जमिनीवरून मोजलं नाही, भाड्याच्या घरांतल्या फरशा सपाट असतीलच असं नाही.

आतल्या खोलीच्या पडद्यांना साधी 3 इंचाची दुहेरी दुमड. पुढच्या खोलीसाठी मात्र आईने ट्रंकेतून एक जुनी सोलापुरी चादर काढली. मध्ये विरलेली, कडेला मजबूत. तिच्या 6 इंची पट्ट्या काढून पडद्याच्या खाली जोडायच्या, तयार 5 इंच दिसतील. वजनही मिळतं, पडदा पंख्याच्या वाऱ्याने उडत नाही. आणि ही चादर वर्षानुवर्षं धुतलेली आहे, आता ती आटणार नाही. नवीन कापडाची पट्टी न धुता जोडली असती तर पहिल्याच धुण्यात खालची कड आखडली असती.

जकार्डची, म्हणजे विणतानाच नक्षी उठवलेली, चादर कापली की तिचे धागे लगेच सुटायला लागतात, एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला पांढरे, भराभर. म्हणून आखल्यावर आधी रेघेच्या दोन्ही बाजूंना मशीनची टीप मारली, मगच मधून कापलं. जोडाच्या शिवणीला सुई 16 नंबरची. जिथे चादर आणि मांजरपाटाची दुमड एकावर एक येते तिथे पाय थांबवून हाताने चाक फिरवलं. तिथे जोर केला की सुई मोडते.

चादरीच्या नक्षीचे रंग मागच्या बाजूला उलटे असतात. आतून लाल जमिनीवर पांढरं फूल, रस्त्यावरून बघणाऱ्याला पांढऱ्यावर लाल. अक्कांचे यजमान खाली उभे राहून खिडकीकडे बघत होते. वर आले आणि आतूनही बघून गेले.

पुढच्या पडद्यांना खालची दुमड लागली नाही, त्यामुळे कापड उरलं. त्यातून आणि 8 मीटरच्या शिल्लक तुकड्यातून पडदे बांधायच्या चार पट्ट्या झाल्या.

एकूण खर्च: कापड 496, नमुना 16, दोरा 40, पाईप 180, ब्रॅकेट 100, स्क्रू 20. बेरीज 852 रुपये.

रविवार, 30 मार्च

पाडवा. गुढी उभारली. पाहुण्यांपैकी दोघींनी कापडाचं दुकान विचारून घेतलं.

रविवार, 20 एप्रिल

पारा चाळिशीपार. आता खरी परीक्षा.

दुपारी चार वाजता पडद्यामागे हात घातला तर भट्टीच. पुढे, खोलीच्या बाजूला, कापड कोमट. फिकट रंग असल्यामुळे बरंचसं ऊन काचेतून परत जातं, बाकीचं मध्ये अडकतं आणि झालरीमुळे हळूहळू आत येतं. पण एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी: काचेच्या आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यानंतर अडवतो. डोळ्यांवरची तिरीप, पलंगावरचं ऊन, याला तो पुरेसा आहे. खोली थंड ठेवायची तर ऊन काचेच्या बाहेरच अडवायला लागतं. म्हणून गॅलरीच्या बाजूने हिरवी शेडनेट बांधली. आता जाळी बाहेर, मांजरपाट आत. संध्याकाळी सातनंतर दोन्ही बाजूला सारून खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर दिवसभराचा उष्मा आतच कोंडून राहतो.

पडद्याच्या दोन्ही बाहेरच्या कडा भिंतीपासून तीन इंच लांब राहतात. तिथून ऊन नाही, पण गरम हवा येत होती. भिंतीत छोटा हूक आणि पडद्याच्या कडेला दोऱ्याची कडी, दुपारी तेवढी अडकवायची.

रविवार, 4 मे

पहिलं धुणं. पाण्याचा रंग बघून कळलं, एवढी धूळ नाहीतर आमच्या अंगावर असती. वाळल्यावर मोजलं: 60 इंच. आटले नाहीत. चादरीचा लाल रंगही मांजरपाटावर उतरला नाही. कोरी चादर असती तर आधी वेगळी भिजवून रंग जातो का ते बघावं लागलं असतं.

रंग थोडा उजळलाय, सायीवरून दुधाकडे. उन्हाने आणि धुण्याने तो असाच फिकट होत जाणार.

आता मधल्या दाराचा पडदा. दार 3 फूट रुंद, तयार उंची 7 फूट, म्हणजे 84 इंच. वरचे 4 आणि खालचे 6 मिळवून 94. भागिले 0.925, साधारण 102 इंच. एकच पाट लावला तर तो दाराच्या सव्वापटही भरत नाही, दोनच घ्यायचे. 204 इंच, सव्वापाच मीटर. नवीन तागा, म्हणजे कापडाचं नवं ठाण, असेल तर पाव मीटर नमुना आधी, कारण प्रत्येक तागा सारखाच आटेल असं नाही.